अक्कासाठी पाच स्पीकर

१२ जून
नवी वही. पहिल्या पानावर घरातली माणसं लिहायची माझी सवय. मी, वय चौसष्ट. अक्का, ह्यांची थोरली बहीण, वय त्र्याहत्तर, दोन वर्षांपासून डोळ्यांनी काही दिसत नाही. बस. मागच्या वहीत तीन नावं होती.

साउंडबार परत पाठवला. मुलाने, मुरलीने, बंगळूरहून पाठवला होता. लांब, काळा, टीव्हीखाली नीट बसणारा. लावून दहा मिनिटं झाली नाहीत तो अक्का तिच्या खोलीतून ओरडली, "जानकी, बंद कर गे तो डबा. सगळी माणसं एका नळीत शिरून बोलतात."

मुलाला वाईट वाटेल. पण अक्का ओरडली ह्याचंच मला बरं वाटलं. हे गेल्यापासून तेरा महिन्यांत तिने कशाबद्दल तक्रार केली नव्हती. जेवण चांगलं झालं तरी "हं", खारट झालं तरी "हं".

१४ जून
अक्का तिच्या खोलीत खाटेवर बसते. जेवण तिथेच. न्हाणीपर्यंत भिंत धरून येते, परत जाते. हे होते तेव्हा दर शुक्रवारी भाऊबहीण सिनेमाला जात. डोळे गेल्यावरही जात. मी एकदा विचारलं होतं, तिला काय दिसतं म्हणून नेता? हे म्हणाले, "ती माझ्यापेक्षा जास्त बघते." मी त्या वेळी हसले होते.

त्रिचीला एक चांगला वृद्धाश्रम आहे असं मुरली म्हणतो. स्वच्छ, नर्स असते, आपलं शाकाहारी जेवण. ऑगस्टमध्ये एक खोली रिकामी होणार. एप्रिलमध्ये अक्का न्हाणीत पडली, मला तिला एकटीला उचलता आलं नाही, शेजारच्या पद्माला हाक मारावी लागली. तेव्हापासून त्याने हे धरलंय. त्याचं चूक नाही. पण खोलीत बसून राहिलेल्या माणसाला दुसऱ्या खोलीत नेऊन काय होणार?

मी ठरवलंय. ऑगस्टच्या आत अक्का हॉलमध्ये येऊन बसली पाहिजे. आपल्या पायांनी. त्यासाठी सिनेमा थिएटरसारखा ऐकू येईल असं घरातच करायचं.

१५ जून
पद्मा दारात रांगोळी घालताना म्हणाली, "मामी, थिएटर करताय म्हणे घरात. तिकीट किती?"
"तुला बाल्कनी," म्हटलं.
मग हळू आवाजात, "पण वन्संना तर..."
"डोळे गेलेत. कान आहेत."
ती परत रांगोळीकडे वळली. मला पण जरा जोरात बोलल्यासारखं झालं.

१९ जून
जुन्या बसस्टँडजवळ सेल्वमचं दुकान. पन्नाशीचा माणूस, कपाळाला विभूती, मोठ्या दुकानदारांसारखा कोट वगैरे नाही. आतल्या खोलीत गाद्या लावून स्पीकर ऐकवतो. मी बसल्याबरोबर त्याने स्फोट लावला. खुर्ची हलली.
"कसं वाटलं मामी?"
"आमच्या घरी कोणी बॉम्ब टाकत नाही. दोन माणसं बोलतात असं काही लाव."
त्याने शोधून एक लावलं. नवरा-बायको, स्वयंपाकघर, भांडण. मी डोळे मिटले. जरा वेळाने तो म्हणाला, "मामी, झोप लागली काय? कॉफी सांगू?"
"जी ऐकणार तिला दिसत नाही. म्हणून मी पण बघत नाही."
मग तो माणूस सरळ झाला. आवाज थोडा कमी केला, माझी खुर्ची दोन वीत पुढे ओढली आणि पहिल्यापासून पुन्हा लावलं.

सहा ठिकाणचे आवाज असतात. पुढे डावा, पुढे उजवा, मधला, मागे दोन, आणि जमिनीवर एक मोठा खोका, त्याला सब म्हणतात, तो फक्त खालचा घुमा देतो. त्यामुळे पाच स्पीकर आणि एक सब. माणसांचं बोलणं बहुतेक सगळं मधल्यातून येतं. लोक पुढच्या दोन उंच खांबांवर भाळतात आणि मधला कसला तरी घेतात, असं सेल्वम म्हणाला.
"मग आधी मधला दाखव," मी म्हटलं.
"पंधरा वर्षांत आधी मधला मागणारं गिऱ्हाईक नाही आलं मला."

२० जून
सेल्वमकडून स्पीकरचं माहितीपुस्तक घरी आणलंय, इंग्रजी. माझी शाळा आठवीपर्यंत, तमिळमध्ये; इथल्या आमच्या मराठी घरांत मराठी फक्त बोलायची. नागरी अक्षरं लग्नानंतर पंचांगावरून आणि सासूबाईंच्या पोथ्यांवरून माझी मीच शिकले. इंग्रजी डब्यांवरून आणि औषधांच्या कागदांवरून. आज चार पानं झाली. 'इम्पीडन्स' ह्या एका शब्दाला तीन दिवस लागतील असं दिसतं.

मुरलीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून ही वही टेबलावर उघडी असली तरी बंदच.

२२ जून
मु.चा फोन. साउंडबार परत का, ह्यावरून सुरुवात.
"आई, अक्काला हॉलमध्ये आणायला एवढं सगळं? हाताला धरून आण ना."
"आणून बघितलं. बसते, आणि मी वळले की उठून जाते."
"तुझी पाठ. तू पण साठीच्या पुढे आहेस. ती परत पडली तर?"
"पडली तर पद्मा आहे."
"आई, हे उत्तर नाही."
नाहीच. मला माहीत होतं. तरी म्हटलं, ऑगस्टपर्यंत मला सोड. ऑगस्टमध्ये ये, मग बघ. तो म्हणाला, "वृद्धाश्रमाचा अर्ज घेऊन येईन." मी म्हटलं, ये.

२७ जून
घेतले. पुढचे दोन लहान, फळीवर मावणारे. मधला त्या दोघांपेक्षा लांब आणि जड. मागचे दोन अगदी साधे. सब मधल्या मापाचा. सेल्वम मोठा घ्या म्हणत होता. मी म्हटलं, घर जुनं आहे, चुन्याचं आहे, तुझा मोठा खोका लावला तर माळ्यावरची सगळी धूळ डोक्यावर येईल. हसला. "मग ही धूळ सुद्धा इफेक्टमध्ये धरा."

३ जुलै
सेल्वम स्वतः आला, बरोबर त्याचा मेहुणा. मागच्या भिंतीला भोक पाडायला घेतलं तर ड्रिलला काही लागलंच नाही, नुसतं आत गेलं. चुना पिठासारखा सांडला, स्क्रू बोटाने बाहेर आला.
"ही भिंत नाही मामी, मुरुक्कू आहे, चकलीसारखी चुरा होते."
"दोनशे वर्षं उभी आहे. तू किती वर्षं उभा राहणार?"
मेहुणा खो-खो हसला.
शेवटी मागचे दोन उंच स्टुलांवर ठेवले, बसलेल्या माणसाच्या कानाच्या जरा वर. मधला टीव्हीच्या खाली, थोडा वर तोंड करून. तारा भिंतीच्या कडेने. संध्याकाळपर्यंत लाल फरशीवर पांढरी पावलं.
अक्का दिवसभर दार लावून होती. जेवताना म्हणाली, "कशाचं ठोकणं?"
"स्पीकर."
"कोणासाठी?"
"माझ्यासाठी," म्हटलं. खोटं बोलले. तुझ्यासाठी म्हटलं असतं तर तिने कानात कापूस घातला असता.

४ जुलै
पहिला दिवस, आणि काहीतरी चुकलंय. सगळं वाजतं, पण पोकळ. मला वाटलं माझेच कान. दोन तास बसले, पुस्तक चाळलं.
आतून अक्का: "तो माणूस कोठून बोलतो गे?"
"मधून."
"कोठून मधून? त्याला छातीच नाही. हवेत बोलतो."
मी पुस्तक पुन्हा काढलं. तारेला दोन रंग, लाल आणि काळा. एका जरी स्पीकरला उलटे लागले तर एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि आवाजातला दम जातो. जमिनीवर आडवी होऊन टॉर्चने बघितलं. पुढचा उजवा. लाल काळ्यात, काळा लालमध्ये. मेहुण्याचं काम, हसता हसता केलेलं.
सोडून नीट लावलं. त्याच माणसाला परत बोलायला लावलं.
आतून अक्का: "हां. आता आला."
पुढचं पान भरून लिहावंसं वाटलं. लिहीत नाही.

७ जुलै
फरशी, उंच छत, उघड्या भिंती. टाळी वाजवली तर परत येते. सेल्वम त्याच्या गावी, मारियम्मनच्या जत्रेला, दहा दिवस नाही. तोवर मी काय ते करते. जमखाना पसरला. मागच्या भिंतीवर दोन गोधड्या, सासूबाईंच्या नऊवारींच्या. खिळा धरत नाही म्हणून दोरी बांधून वाळत घातल्यासारख्या. पद्मा येऊन म्हणाली, "मामी, थिएटर की धोब्याचं दुकान?" पण टाळी मेली. तिलाच वाजवायला लावली.

९ जुलै
सब कोपऱ्यात ठेवला तर नुसता ढब ढब, जसं शेजारी कोणी कांडतंय. पुस्तकात एक उपाय आहे. सब उचलून बसायच्या जागेवर ठेवायचा, आणि आपण जमिनीवर रांगत हॉलभर फिरायचं. जिथे आवाज सारखा लागेल तिथे सब ठेवायचा. मला पटलं. घर मोठं असलं की माणूस कुठे बसून बोलतोय ह्यावर ऐकू येणं ठरतं, ते आम्हाला रोजचं आहे.
वेताच्या खुर्चीला सबचं वजन झेपणार नाही, म्हणून झोपाळ्याच्या फळीवर चढवला. पद्माने एका बाजूने धरला. पदर खोचून रांगले. गुडघे. तिसऱ्या खांबाजवळ बरोबर लागलं. आणि त्याच वेळी पोस्टमन दारात. पद्माने त्याला काय सांगितलं असेल कोण जाणे. सबंध आळीला कळलंय की मामी रांगतात.
अक्काला सांगितलं. "रांगलीस? तू?" आणि हसली. आवाज करून. किती दिवसांनी, मोजत नाही.

१८ जुलै
सेल्वम परतला. आता शेवटचं काम: स्पीकर चालवणाऱ्या यंत्राबरोबर एक छोटा माइक येतो. तो बसायच्या जागेवर ठेवायचा. मग प्रत्येक स्पीकर एकदा पुईंऽ करतो, आणि यंत्र आपणच मोजतं की कोण किती लांब आहे, कोणाला किती जोर द्यायचा, कोणाला किंचित थांबवायचं, म्हणजे सगळे आवाज त्या जागी एकाच वेळी पोचतात.
तीनदा केलं, तीनदा म्हणालं आजूबाजूला फार आवाज आहे. आडी महिना लागलाय, देवीचा महिना. आळीच्या टोकाच्या अम्मनच्या देवळावर चार भोंगे बांधलेत, पहाटेपासून गाणी. सेल्वम हात जोडून बसला. "हिच्याशी भांडण नको मामी. ती जेवायला बसेल तेव्हा करू."
दुपारी एकला नैवेद्याला भोंगे बंद झाले. तो उडी मारून उठला.
"मुख्य जागा कुठली?"
"ती," मी म्हटलं, आणि बोट दाखवलं.
वेताची खुर्ची. त्याने कॅमेऱ्याचं तिकाटणं खुर्चीत उभं केलं, वर माइक. आम्ही दोघं स्वयंपाकघरात श्वास धरून. पुईं, पुईं, पुईं. झालं. यंत्र म्हणालं ठीक.
आवाज असा की बसायला जागाच दिली त्याने. दार उघडलं तर उजवीकडे उघडलं. मी खुर्चीच्या मागे उभी राहून ऐकलं.

२१ जुलै
आली.
दुपारी दोनला मी एक जुना तमिळ सिनेमा लावला होता, कोर्टाचा. वकील बोलत होता. मागे पावलं ऐकू आली, मला वाटलं मागच्या स्पीकरमधून. नव्हती. अक्का खांब धरून उभी.
मी हलले नाही. ती चाचपत झोपाळ्यापर्यंत आली, उजव्या टोकाला बसली, जिथे नेहमी बसायची. पाय जमिनीला टेकवून झोपाळा थांबवून धरला. वीस मिनिटं.
मग म्हणाली, "जानकी, हे कसं गे वाढलंस?"
"काय?"
"पान बाबूच्या खुर्चीपुढे वाढलंस. सगळं तिकडे जातं. मी शेजारी बसून वास घेते."
बाबू म्हणजे हे. त्या खुर्चीत चौदा महिने कोणी बसलं नाही. सेल्वमने विचारलं, मुख्य जागा कुठली, आणि मी बोट दाखवलं. विचार न करता. माझ्या हाताने.
अक्का उठली, आत गेली. दार लावलं नाही, पण गेली.

२२ जुलै
सेल्वमला फोन करायचा. पाच मिनिटांचं काम आहे. माइक उचलायचा आणि झोपाळ्यावर ठेवायचा.
केला नाही.

२५ जुलै
आज पण नाही. अक्का आली नाही. विचारलं तर, "मज कशास? त्याचं त्याला ऐकू दे."
राग आला. तिचा नाही. म्हणजे तिचाही.

२६ जुलै
वर्षश्राद्ध झालं तेव्हा गुरुजी म्हणाले होते, आता मोकळं व्हा. मी मान हलवली. पान वाढलं, नमस्कार केला, पान उचललं. सगळं नीट केलं होतं. आणि मग पाच स्पीकर आणून परत त्यांच्याच समोर ठेवले. कोणी सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. यंत्राने मोजून दाखवलं, खुर्ची ते मधला स्पीकर, बोटभर चूक नाही.
त्या खुर्चीत आता ऐकायला चांगलं लागतं. बसून बघितलं आज. पहिल्यांदा. वेत खूप सैल झालाय. खरंच चांगलं लागतं.
आणि मी एकटी ऐकत होते. ते काही उपयोगाचं नाही.

३० जुलै
सेल्वमला बोलावलं नाही. पुस्तक वाचून मी केलं. एकला भोंगे थांबले. झोपाळा हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी खांबांना दोरीने बांधला. पहिल्यांदा बांधायला विसरले तर कड्यांची कुरकुर सुद्धा यंत्राने मोजायला घेतली आणि चिडलं. अक्काला उजव्या टोकाला बसवलं, कान कुठे येतो ते बघितलं, भिंतीवर खडूने खूण केली, तिला उठवलं, तिथे माइक.
"मी बसते की. माइक कशास?"
"तू श्वास घेतेस."
"बरं. नंतर घेईन."
आत जाऊन खाटेवर नाक धरून बसली, खरंच. त्र्याहत्तर वर्षांची बाई.
पुईं. पाचही. ठीक.
मग तिला आणून बसवलं. वकील परत उभा राहिला. अक्काने मान जराशी वर केली, आणि मी समोरून तिचं तोंड बघितलं. लिहिता येत नाही ते.

२ ऑगस्ट
शनिवार. मॅटिनी, दोन वाजता. मला वाटलं होतं पडद्यावर काय चाललंय ते मला सांगावं लागेल. तयारी केली होती. "आता तो जिना चढतो," म्हटलं.
"दिसतंय."
"हिरवी साडी..."
"अगे, तू बोलू नको. रंगाचं मला काय? ती खोटं बोलते आहे. ऐक."
"कशावरून?"
"बांगड्या थांबल्या. खरं बोलताना तिचे हात चालतात."
मी परत मागे नेऊन बघितलं. खरंच थांबतात. मी साडी बघत होते.
हे म्हणायचे ती जास्त बघते. मी हसले होते. किती वर्षं मी शुक्रवारी घरी राहून कडधान्य निवडलं.

५ ऑगस्ट
रोज येते आता. भिंत न धरता. येताना सबला पाय लागला म्हणून त्याला "म्हसोबा" म्हणते. जेवण हॉलमध्ये. आज दह्यातल्या डांगर पच्चडीत मीठ जास्त झालं असं म्हणाली. मी इतकी खूश झाले की चव बघितलीच नाही.

पद्मा आणि तिची सून पण आल्या. सून मराठी बोलत नाही, समजतं. अक्का तिला म्हणाली, "तू माझ्या डाव्या बाजूस बस, उजवीकडून आवाज येतो, मध्ये येऊ नको." थिएटरच्या मालकिणीसारखी.

९ ऑगस्ट
मु. आला, बंगळूरहून गाडी घेऊन, अर्ज घेऊन. दारात बूट काढतानाच थबकला, कारण अक्का हॉलमधून म्हणाली, "मुरली, डाव्या पायाने लंगडतोस. काय झालं?"
"नवीन बूट अक्का. चावतात."
दुपारी सगळे बसलो. तो जमखान्यावर, पाय पसरून, लहानपणी बसायचा तसा. त्याच्या वडिलांचं नाव कोणी काढलं नाही. मध्येच त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, जिंकले. अर्ज गाडीत राहील.

सिनेमा संपल्यावर अक्का म्हणाली, "मुरली, ती त्रिचीची जागा. मज घेऊन चल उद्या. ऐकून येते."
माझ्या हातात कॉफीचे पेले होते.
मु. पण गोंधळला. "अक्का, आता गरज नाही. तू बरी आहेस."
"बरी आहे म्हणून म्हणते. आजारी होते तेव्हा तुम्ही दोघं माझ्याविना ठरवत होता."
मी म्हटलं, "तुला इथे काय कमी आहे?"
"काही नाही."
"मग?"
"जानकी, न्हाणीत मज उठवतेस तेव्हा तुझी पाठ वाजते. तू दात चावतेस, ते पण ऐकू येतं. तू सांगणार नाहीस. मी किती दिवस ऐकू?"
स्वयंपाकघरात आले. पेले धुतले. दोनदा धुतले. दोन महिने तारा ओढल्या, रांगले, त्यांच्या खुर्चीवरून माइक उचलला, ते हिला उठवायला. उठली. आता कुठे जायचं ते तीच ठरवणार. दुसरं काय होणार होतं?

१० ऑगस्ट
त्रिची. सकाळी सातला निघालो. कालव्याला पाणी भरपूर, दोन्हीकडे रोपं लावणं चाललंय. अक्काने काच खाली करायला लावली.

जागा स्वच्छ आहे. लिहायला हवं ते. चालवणाऱ्या बाई चांगल्या आहेत, गोड बोलतात. अक्काने माझा हात सोडला आणि त्या बाईंचा धरला. म्हणाली, तू मागे थांब. मी आणि मु. व्हरांड्यात, दोन अनोळखी पाहुण्यांसारखे.
ती आत फिरत होती, दारातून दिसत होती. जेवणाच्या खोलीत थांबली, टाळी वाजवली. पुढे गेली. एका खोलीत बराच वेळ. कोणीतरी म्हातारी तमिळमध्ये काहीतरी सांगत होती, अक्का हसली. मला ते हसू ऐकायचं नव्हतं. ऐकलं.
मु. म्हणाला, "आई, मला वाटलं होतं तू मला दोष देशील."
"गप्प बस," म्हटलं. मग त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली.

परतताना अक्का एवढंच म्हणाली, "जेवणाची खोली वाईट. साठ स्टीलची ताटं, वर पत्रा. पण ती खोलीतली म्हातारी, तिचा आवाज चांगला आहे. गायची म्हणे."
बाई म्हणाल्या, दिवाळीपर्यंत खोली ठेवतील.

११ ऑगस्ट
मु. सकाळी गेला. जायच्या आधी अक्काने अर्ज मागून घेतला. घडी करून कमरेला खोचला. "जायचं की नाही ते मी सांगेन," म्हणाली. "कोणी विचारायचं नाही. तू पण नाही, जानकी."
मु.ने न्हाणीत धरायला दोन दांडे बसवून घेतले, विटांच्या नवीन भिंतीत, ती धरते. सेल्वमचा मेहुणाच आला होता. ह्या वेळी सरळ बसवलेत, मी ओढून बघितलं.

१४ ऑगस्ट
गुरुवार. दोन वाजता लावलं, अक्का आली, बसली. अर्ध्यात करंट गेला. पंखा थांबला, सगळं शांत. भोंगे पण बंद. आम्ही दोघी अंधुक हॉलमध्ये बसून राहिलो, ती झोपाळ्यावर, मी खाली जमखान्यावर. तिच्या कमरेला घडीचा कागद हलताना कुरकुरत होता. आता मला पण असं ऐकू यायला लागलंय.
"काय विचार करतेस?" तिने विचारलं.
"सिनेमाचा."
"खोटं," म्हणाली. आणि पायाने झोपाळा जरासा ढकलला.
त्रिचीचं विचारायचं नाही असं मी कबूल केलंय. ते कबूल करणं रोज नव्याने करावं लागतं, सकाळी चूल पेटवण्याच्या आधी. तीनच दिवस झालेत, दिवाळी लांब आहे.
वीस मिनिटांनी करंट आला. जिथे थांबलं होतं तिथून लावलं.
आज विचारलं नाही.